अपघात झाला तर डबल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पेणचा. गणपतीच्या मूर्तींसाठी तुम्ही ज्याचं नाव घेता, तेच पेण. पण मी मूर्तिकार नाही. तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदीचे कागद टाइप करून द्यायचे, हा धंदा. पुढे संगणक आले आणि टाइपरायटरला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा २००२ साली मी विम्याचा एजंट झालो. अठरा वर्षं ते काम केलं. पेण, वडखळ, नागोठणं आणि तिथून भिसे खिंडीतून रोहा, हा माझा टापू. सुरुवातीला एसटीने, मग स्कूटरवर. पावसाळ्यात खिंडीत स्कूटर लोटत नेण्याचा योगही बऱ्याचदा आला. ज्या कंपनीचं काम करत होतो तिचं नाव इथे घेत नाही, कारण आज जे सांगणार आहे त्यातला दोष कंपनीच्या आधी माझा आहे.

गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०२४च्या नोव्हेंबरमध्ये, रात्री साडेदहाला माझ्या भाच्याचा दुबईहून फोन आला. रोह्याच्या माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा. तिथे एका कंपनीत नोकरीला आहे. बायको आणि दीड वर्षाची मुलगी रोह्याला, त्याच्या आईजवळ. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला,

‘मामा, एक विचारायचं होतं. शनिवारी आम्ही ऑफिसचे चौघंजण विमानातून उडी मारायला जाणार आहोत.’

मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, ‘विमानातून उतरायला जिना असतो रे.’

‘तसं नाही मामा. स्कायडायव्हिंग. तेरा हजार फुटांवरून. मागे शिकवणारा माणूस बांधलेला असतो. मला एवढंच सांग, माझी पॉलिसी चालेल ना? आणि घरी बोलू नकोस.’

ती पॉलिसी मीच उतरवली होती. २०१८ साली, पंचवीस लाखांची, सोबत अपघाताचा जादा लाभ. रोह्याला घर बांधायचं तेव्हा कर्ज काढलं होतं, त्याच्या आधाराला म्हणून. त्यामुळे ‘बघून सांगतो’ म्हणून फोन ठेवला खरा, पण झोप काही लागली नाही. कारण असाच एक प्रश्न मला सोळा वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं, आणि तो कुणी विचारला नव्हता.

ती गोष्ट आधी सांगतो.

रोहा तालुक्यातल्या एका गावातला मुलगा होता. एकवीस-बावीसचा, कारखान्यात नुकताच चिकटलेला. त्याच्या वडिलांनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि मुलाचा दोन लाखांचा विमा उतरवायला सांगितला. मी नेहमीचं वाक्य टाकलं. श्रोत्यांत जे कुणी एजंट असतील त्यांना ते वाक्य पाठ असेल: ‘काका, यात अपघाताचा लाभ घाला. अगदी किरकोळ पैसे पडतात, हजाराला वर्षाकाठी रुपया धरा. देव न करो, पण अपघात झाला तर डबल.’ या एका वाक्यावर मी किती पॉलिसी विकल्या असतील त्याचा हिशेब नाही. वाक्य खोटं नाही. अर्धं आहे.

मुलाला डोंगरांचं वेड होतं. आमच्या भागात हे नवल नाही. घराच्या दारातून सह्याद्री दिसतो. पण हा नुसता गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन येणारा नव्हता. दोर, खिळे, कड्या घेऊन सुळके चढणाऱ्यांतला होता. २००८च्या डिसेंबरात एका सुळक्यावरून पडला आणि जागीच गेला.

कंपनीने दोन लाख आणि त्यावरचा बोनस दिला. वेळेवर दिला. पण अपघाताचे दुसरे दोन लाख नाकारले. पत्र आलं त्यात लिहिलं होतं, की गिर्यारोहण करताना झालेला मृत्यू अपघात लाभाच्या अटींतून वगळलेला आहे. ते पत्र घेऊन मुलाचे वडील पेणला माझ्या घरी आले. ओरडले नाहीत. ओट्यावर बसले, पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘तुम्ही डबल म्हणाला होतात ना?’

मी पॉलिसीचा कागद उघडला. वगळलेल्या गोष्टींची यादी मी तोपर्यंत, खरं सांगतो, नीट वाचलेलीच नव्हती. सहा वर्षं एजंट असून. शिकार, गिर्यारोहण, घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती, कोणत्याही प्रकारची वाहनांची शर्यत. पुढे दंगल, युद्ध, दारूच्या अंमलाखाली झालेला अपघात, कायदा मोडताना झालेला अपघात. यादी वाचली की कळतं, ती कुठल्या साहेबाच्या आयुष्यावरून काढलेली आहे. आमच्या पेण-रोह्यात घोड्याच्या अडथळ्यांच्या शर्यतीत कोण मरायला बसलंय? पण डोंगर मात्र आमच्या दारात होता, आणि यादीतला दुसराच शब्द तो होता.

त्या गृहस्थांना मी काय सांगणार? चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.

तेव्हापासून मी कागद वाचायला लागलो. उशिरा लागलो, पण लागलो.

आता श्रोतेहो, थोडं विम्याच्या पोटात शिरू या. आयुर्विमा आणि अपघाताचा लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच लखोट्यात घालून दिल्यामुळे आपण त्या एक समजतो. मूळ आयुर्विम्यात मृत्यू कशाने आला याला फारसं महत्त्व नसतं. तापाने गेला, गाडीखाली गेला, म्हातारपणाने गेला, पैसे मिळतात. पहिल्या वर्षातली आत्महत्या हा ठळक अपवाद. अपघाताच्या लाभाचं तसं नाही. तिथे अपघातच असावा लागतो, तो मृत्यूचं थेट कारण असावा लागतो, सर्वसाधारणपणे अपघातापासून १८० दिवसांच्या आत मृत्यू झालेला असावा लागतो, आणि तो अपघात त्या वगळलेल्या यादीतला नसावा लागतो. अलीकडच्या कागदांत यादीत पॅराग्लायडिंग, पॅराशूटने उडी, साहसी खेळ असे शब्द सरळ घातलेले दिसतात. त्याशिवाय विमानाबद्दल एक जुनं कलम असतं: तिकीट काढून बसलेला प्रवासी असाल तर संरक्षण, बाकी कुठल्याही नात्याने विमानात असाल तर नाही. आता पैसे भरून विमानात बसलेला, पण मध्येच दार उघडून उतरणारा माणूस प्रवासी म्हणायचा की नाही, यावर वकिलांनी वाद घालावा. मी माझ्या भाच्याच्या जिवावर तो घालणार नव्हतो.

पण मूळ रकमेचं काय? तिथे प्रश्न उडीचा नाही, खरं बोलण्याचा आहे. विमा घेताना आपण प्रस्तावपत्र भरतो. त्यात वय, आजार, कामधंदा यांच्या जोडीला एक प्रश्न असतो: तुम्ही काही धोक्याचा छंद किंवा खेळ करता का, करण्याचा विचार आहे का? विमान चालवणं, गिर्यारोहण, शर्यती, पाण्याखाली बुडी मारणं. या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं म्हणून विमा मिळत नाही असं नाही. कंपनी थोडा जास्त हप्ता लावते, किंवा तेवढी एक गोष्ट वगळून विमा देते, कित्येकदा काहीच करत नाही. पण माहीत असून ‘नाही’ लिहिलं तर ती लपवाछपवी ठरते. विम्याचा सगळा व्यवहार परस्परांच्या शब्दावर उभा आहे. कंपनीला तुमच्या आयुष्याबद्दल तुमच्याइतकं कसं ठाऊक असणार?

आणि इथे आमची जात येते, एजंटांची. तो प्रश्न विमेदाराला कुणी विचारतच नाही. समोर चहा असतो, माणूस घाईत असतो, फॉर्म पंचवीस पानी असतो. एजंट म्हणतो, ‘तुम्ही फक्त इथे इथे सह्या करा, बाकी मी भरतो.’ माझा तर टायपिंगपासूनचा हात. आजार? नाही. तंबाखू? नाही. धोक्याचे छंद? नाही, नाही, नाही. डोंगर चढणाऱ्या त्या मुलाच्या फॉर्मवरही ते ‘नाही’ माझ्याच अक्षरात होतं. मूळ दोन लाखही कंपनीने त्यावरून अडवले असते तर कायद्याने त्यांना जागा होती. अडवले नाहीत, हे त्यांचं सौजन्य म्हणा किंवा त्या बापाचं नशीब. मी मात्र तेव्हा गप्प बसलो. आज सोळा-सतरा वर्षांनी रेडिओवर सांगतो आहे.

भाच्याचा फोन आला त्या रात्री मी उठलो, कपाटातली जुनी फाइल काढली. त्याच्या प्रस्तावपत्राची झेरॉक्स होती. धोक्याच्या छंदापुढे माझ्या अक्षरात ‘नाही’. पण हे ‘नाही’ खरं होतं. २०१८ साली त्याने रोह्याबाहेर धड पाऊल टाकलं नव्हतं, विमान जवळून पाहिलं नव्हतं. विमा घेताना ज्याचा विचारही नव्हता अशी एखादी गोष्ट माणसाने सहा वर्षांनी केली, तर ती लपवाछपवी होत नाही. हेच उलट असतं, म्हणजे शनिवारची उडी ठरवून त्याने सोमवारी नवीन पॉलिसी मागितली असती आणि त्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलं असतं, तर गोष्ट वेगळी.

कायद्याचाही एक आधार आहे. १९३८च्या विमा कायद्याचं कलम ४५. २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. पॉलिसी तीन वर्षं झाली, की माहिती लपवली, खोटी सांगितली या कारणाने कंपनीला ती मोडीत काढता येत नाही, अगदी लबाडीचं कारण देऊनही नाही. पण ही तीन वर्षं कधीपासून मोजायची ते बघा. हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू करून घेतली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भाच्याचा २०२०चा हप्ता टाळेबंदीत चुकला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा चालू केली. मी बोटांवर मोजलं. तीन वर्षं होऊन नऊ महिने झालेले होते. तेव्हा कुठे पाणी प्यायलो.

इथे जरा थांबून एक आठवण सांगावीशी वाटते, कारण ती रोह्याची आहे, विम्याची आहे आणि रेडिओचीही आहे. १९ जानेवारी १९५६च्या संध्याकाळी देशाच्या अर्थमंत्र्यांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं, की देशातला आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत आहे. ते अर्थमंत्री म्हणजे चिंतामणराव देशमुख. जन्म महाड तालुक्यातल्या नात्याचा, पण वडील रोह्याला वकिली करत, त्यामुळे बालपण रोह्याचं. देशी, परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एका छपराखाली आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. ते उभं राहिलं तेव्हा चिंतामणराव अर्थमंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. त्याही आधीचा काळ बघा. इंग्रजी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना त्याचं आयुष्यच धोक्याचं समजून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली, तिने हिंदी माणसाला बरोबरीच्या हप्त्यात विमा दिला. म्हणजे एके काळी आपल्यापैकी कुणी काही न करता, नुसता ओटीवर बसला, तरी तो ‘धोक्याचा’ होता. आज कुठे आपण स्वतःहून धोका पत्करायला लागलो आहोत.

आणि पत्करतो आहोतच. आपल्या एका मराठी मुलीचंच उदाहरण घ्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, हेलिकॉप्टरमधून, २,४०० फुटांवरून. आधी सरावाची एकही उडी नव्हती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. कौतुक वाटतं. पण विमा एजंटाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो उत्तर ध्रुवावरच्या त्या पहिल्या उडीचा प्रस्ताव कुणी आणि कसा भरला असता, हाच. सवय जात नाही.

भाच्याची उडी मात्र तशी नव्हती. तिला टँडम म्हणतात. नवखा माणूस पट्ट्यांनी शिकवणाऱ्याच्या पुढे बांधलेला. पाठीवर दोन छत्र्या, एक मुख्य आणि एक राखीव. शिकवणारा बेशुद्ध पडला तरी ठरावीक उंचीखाली वेग जास्त असेल तर राखीव छत्री आपोआप उघडणारं यंत्र. मिनिटभर दगडासारखं खाली येणं, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि मग पाच-सहा मिनिटं तरंगत. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली त्या देशात सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहाजण दगावले. भाच्याने हा आकडा मला मोठ्या ऐटीत सांगितला आणि वर विचारलं, ‘मामा, वडखळ नाक्यावरून स्कूटरने जाण्यापेक्षा हे बरं की नाही?’ मुंबई-गोवा रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला यावर बोलायला तोंड राहत नाही.

पण विमा कंपन्यांची यादी आकड्यांवर चालत नाही, शब्दांवर चालते.

शब्दांचा एक गमतीचा गुंता आपल्या घरचाच आहे. दहीहंडी. आमच्या पेणलाही गोपाळकाल्याला थर लागतात. राज्य सरकारने २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये सरकारने हप्ता भरून गोविंदांचा विमा उतरवला. माणशी ७५ रुपये हप्ता, मृत्यू झाल्यास दहा लाख, दोन्ही हात किंवा पाय किंवा डोळे गेल्यास तेवढेच. सुरुवात ५० हजार गोविंदांपासून झाली, २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांची व्यवस्था केली गेली. चांगली गोष्ट आहे. पण माझ्यासारख्या जुन्या एजंटाला वेगळीच धास्ती. गोविंदाच्या स्वतःच्या पॉलिसीतल्या अपघात लाभाच्या यादीत ‘साहसी खेळ’ हे शब्द असतील, आणि दहीहंडी हा साहसी खेळ आहे असं सरकारनेच म्हटलं असेल, तर? सरकारी विमा त्या दिवसांपुरता. स्वतःची पॉलिसी वर्षभराची. सगळ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आपापले कागद एकदा काढून बघावेत, एवढंच म्हणतो.

दुसरा गुंता कोलाडला. रोहा तालुक्यातल्या कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला मुंबई-पुण्याची मंडळी येतात. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सोडलं, की नदी उसळते आणि तराफे निघतात. बसण्याआधी एक कागद सही करून घेतात: मी माझ्या जबाबदारीवर जात आहे. लोक मला विचारायचे, ‘यावर सही केली म्हणजे विमा बुडाला का?’ नाही बुडाला. तो कागद तुमच्यात आणि तराफेवाल्यात. विमा कंपनीशी त्याचा संबंध नाही. आणि कुणी म्हणाला, ‘आमच्या तिकिटात विमा आहे’, तर त्याला एकच विचारावं, किती रुपयांचा, कोणत्या कंपनीचा आणि त्याचा कागद कुठे आहे.

दवाखान्याच्या खर्चाची पॉलिसी हा आणखी तिसरा प्रकार, आणि तिथे नवख्या माणसाला जरा दिलासा आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळायच्या गोष्टींचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी सारखे ठरवून दिले. त्यात राफ्टिंग, गिर्यारोहण, स्कूबा, स्कायडायव्हिंग सगळी नावं आहेत. पण वाक्य असं आहे, की या खेळांत ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेताना झालेल्या इजेचा उपचार वगळला. हौसेखातर एकदा गेलेला माणूस व्यावसायिक नव्हे. दावा नाकारला गेला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावं, तिथे दाद लागली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ही वाट मला २००८ साली माहीत असती तर निदान त्या ओट्यावर बसलेल्या गृहस्थांना काहीतरी सांगता आलं असतं. दावा कदाचित तरीही मिळाला नसता. पण कुणीतरी विचारून तर पाहिलं असतं.

असो. भाच्याकडे येतो.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून सांगितलं: पंचवीस लाख सुरक्षित आहेत. अपघाताचे जादा पंचवीस लाख उडीत मिळणार नाहीत, धरून चालू नकोस. तुझ्या ऑफिसच्या विम्याचं विचार. त्याने विचारलं. दोन ओळींचं उत्तर आलं, कामाच्या वेळेतल्या अपघातापुरताच. मी म्हटलं, ठीक आहे, आता घरच्या कर्जाचा हिशेब कर. कर्जाचे अठरा लाख राहिले होते. पंचवीसमधून ते गेले तर हातात सात लाख. त्यात बायको, मुलगी आणि आई. तो जरा गप्प झाला. मीही होऊ दिलं.

फाइल मिटता मिटता शेवटच्या पानावर नजर गेली आणि छातीत धस्स झालं.

नॉमिनीच्या रकान्यात माझ्या मेहुण्यांचं नाव होतं. भाच्याच्या वडिलांचं. २०१८ साली तो अविवाहित होता, साहजिकच वडिलांचं नाव घातलं. मेहुणे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या दहाव्याला मी रोह्याला होतो. भाच्याचं लग्न २०२२ मध्ये झालं, त्यालाही मी होतो. आणि पॉलिसीवर नाव अजून त्यांचंच. नॉमिनी हयात नसेल तर पैसे बुडत नाहीत, वारसांना मिळतात. पण वारस आहोत हे सिद्ध करता करता, कोर्टातून वारस दाखला आणता आणता, कडेवर लहान मूल असलेल्या बाईची काय दैना होते ते मी टायपिंगच्या दुकानात वीस वर्षं पाहिलं आहे. ते अर्ज मीच टाइप करत होतो. घरातलं माणूस गेल्यावर आपण बाकी सगळं करतो. वीजबिलावरचं नाव बदलतो, सातबाऱ्याला वारस लावतो. ज्या कागदावर मेलेल्या माणसाला पैसे मिळणार असं लिहिलेलं असतं, तो तसाच कपाटात राहतो.

म्हणजे तेरा हजार फुटांवरून कोसळणारं राहिलं बाजूला. हा मुलगा तीन वर्षं रोज दुबईच्या रस्त्यावरून ऑफिसला जात होता, आणि त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर माझ्या बहिणीला आणि सुनेला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. मी तर धंद्यातला.

म्हटलं, ‘बाबा रे, शनिवार पुढे ढकल. आधी नॉमिनी बदल. आणि घरी सांग.’

‘आई घाबरेल.’

‘घाबरू दे. पॉलिसी कुठे ठेवली आहे ते तिला माहीत आहे का?’

नव्हतं माहीत. बायकोलाही नव्हतं.

त्याने त्याच रात्री घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बहीण पेणला माझ्या दारात हजर. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी. पिशवीतून रोह्याचे पापड काढून टेबलावर ठेवले (पेणला पापड घेऊन येणारी ही जगातली एकटी बाई असेल) आणि म्हणाली, ‘दादा, तो उडी मारायची तर मारू दे. त्याचे बाबा घरात बसून गेले, उडी कुठे मारली होती त्यांनी? तू मला फक्त कागद दाखव आणि त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखव.’

मग आम्ही दोघं बसलो. मी सगळी पॉलिसी मोठ्याने वाचली. वगळलेली यादीसुद्धा. अठरा वर्षांच्या धंद्यात एवढी पूर्ण पॉलिसी मी कुणाला वाचून दाखवली असेल तर ती पहिल्यांदा. ती मधूनमधून थांबवून विचारत होती. ‘हप्ता चुकला तर किती दिवस चालतं?’ ‘सुनेचं नाव घातलं तर माझं काय?’ मी सांगितलं, दोघींची नावं हिश्शासकट घालता येतात. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘सत्तर तिला, तीस मला. मुलगी तिच्याकडे आहे.’

नॉमिनी बदलाचा फॉर्म भाच्याने तिकडून भरून पाठवला. कंपनीकडून नोंद झाल्याचं पत्र यायला बारा दिवस लागले. त्या पत्राचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आता जाऊ?’

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी त्याने उडी मारली. चित्रफीत संध्याकाळी आली. मी मुद्दाम रोह्याला गेलो होतो. बहीण, सून, मांडीवर नात, आणि मी, असे चौघं मोबाइलवर वाकलो. विमानाचं दार उघडलं, खाली निळा समुद्र आणि ते खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, आणि आमचा पोरगा तोंड वासून ओरडतोय, गाल वाऱ्याने कानापर्यंत गेलेले. सुनेने डोळे मिटून घेतले. नात टाळ्या वाजवत होती. बहिणीने डोळे मिटले नाहीत. छत्री उघडेपर्यंत टक लावून पाहिलं, मग फोन माझ्या हातातून घेतला, पुन्हा पहिल्यापासून लावला आणि मध्येच थांबवला.

‘दादा, हा मागे बांधलेला माणूस कोण?’

‘शिकवणारा.’

‘हा रोज उडी मारतो?’

‘दिवसातून पाच-सात वेळा मारत असेल.’

‘मग ह्याच्या घरच्यांना कागद कुठे आहेत ते माहीत असेल का रे?’